अक्कांच्या अंगावरची गोधडी

"अंगावर असेल ते सगळं जातं बरं का सोबत," लिलाबाई म्हणाल्या, "चांगलंचुंगलं काय काढून घ्यायचं ते आत्ताच काढून घ्या, कुंदाबाई," आणि त्यांनी चहाची बशी तोंडाला लावली. शेजारधर्म म्हणून बघायला आल्या होत्या, मनात काही वाईट नव्हतं बिचारीच्या. त्यांच्या सासूबाई गेल्या तेव्हा नवीकोरी सोलापुरी चादर अंगावर होती, ती तशीच गुंडाळून माणसांनी नेली आणि या रडायचं सोडून चादरीकडे बघत राहिल्या, हे त्यांनी मला आधीही सांगितलेलं. माणूस गेलं की त्याच्या अंगाखालचं-अंगावरचं कोणी घरात ठेवत नाही, ते तिरडीबरोबर जातं, चितेवर नाहीतर नदीकाठी. मला काय हे माहीत नव्हतं? लहानपणापासून बघत आले. पण आपल्याला माहीत असणं वेगळं आणि दुसऱ्या कुणी बशी हातात धरून ते बोलून दाखवणं वेगळं. मी खाटेकडे पाहिलं. अक्का भिंतीकडे तोंड करून निजल्या होत्या आणि गळ्यापर्यंत त्यांनी ओढून घेतली होती ती माझी गोधडी. लिलाबाई म्हणाल्या, साखर जरा जास्त झाली हो आज.

त्या गेल्या तरी मी तशीच उंबऱ्यात उभी. दुपारचं ऊन अंगणात होतं, पण जानेवारीतल्या उन्हाला काही जोर नसतो, पिंप्राळ्याच्या या भाड्याच्या दोन खोल्यांत तर ते आत यायलाच मागत नाही. अक्का म्हणजे माझ्या सासूबाई, भागाबाई. सगळं गाव त्यांना अक्का म्हणतं म्हणून मीही अक्काच म्हणते. नरडाण्याजवळच्या खेड्यात एकट्या राहायच्या, हट्टानं. दिवाळीनंतर पाय सुजले, अन्न जाईना, तेव्हा ह्यांनी एस.टी.त घालून जळगावला आणलं. हे एस.टी.च्या वर्कशॉपात आहेत. डॉक्टरांनी परवा यांना बाहेर नेऊन खांद्यावर हात ठेवला आणि सांगितलं, आता मागतील ते खाऊ घाला. म्हणजे काय ते कळलं सगळ्यांना. अक्कांनी मागितलं काय, तर काहीच नाही. मुगाचं पाणी दोन चमचे आणि ही गोधडी. ट्रंकेतून रजई काढली, ती नको. चादरीवर चादर घातली, ती नको. छायाच्या अंगावर ही दिसली तशी बोट दाखवून मागून घेतली. छाया म्हणजे माझी मुलगी, नववीतली. तिनं लगेच दिली, मोठ्या मनाची आहे. मी तेव्हा स्वयंपाकघरात होते. बाहेर आले तर गोधडी आजीच्या अंगावर, आणि मी म्हटलं, बरं केलंस. काय बोलणार दुसरं? पण तेव्हाही अक्का मरणार आणि ती गोधडी घेऊन जाणार, हे काही डोक्यात आलं नव्हतं. ते लिलाबाईंनी घातलं. सासू मरायला टेकलीय आणि हिला गोधडीची पडलीय, असं कोणी म्हटलं तर मी हो म्हणेन. पडलीय. आता काय करता माझं?

आमच्या घरात माझं गोधडी शिवणं हा सगळ्यांच्या थट्टेचा विषय. पारोळ्याला माहेरी आई शिवायची, बाजारच्या दिवशी सोडून रोज दुपारी, आणि मी तिच्या समोरच्या टोकाला बसून. दोघी कडांकडून आत सरकत यायचो आणि मधे भेटलो की गोधडी झाली. लग्न झाल्यावर समोरचं टोक रिकामं झालं, पण हाताची खोड जाते कुठे? जेवणाची भांडी घासून झाली की नळ येईपर्यंतचा जो वेळ, तो माझा. बाहेरच्या खोलीत जुनं लुगडं अंथरायचं, त्यावर फाटक्या धोतराचे, चादरींचे, परकरांचे थर, वरून पुन्हा एक धडसं लुगडं, आणि चारी कडांनी धावदोरा घालत आत आत जायचं. दारावर कोणी आलं की सगळं सुईसकट गुंडाळून खाटेखाली. हे ड्यूटीवरून आले की दारातच ओरडणार, "पसारा काढला का पुन्हा?" आणि मग त्याच पसाऱ्यावर बसून चहा पिणार. वरणात दोरा सापडला तर छाया तो चिमटीत धरून सगळ्यांना दाखवायची, "आईची खास फोडणी!" एकदा ह्यांच्या साहेबांच्या पँटला सुई टोचली, तेव्हा चार दिवस घरात अबोला. पण थंडी पडली की साहेबांपासून चुलतसासऱ्यांपर्यंत सगळे विचारणार, एखादी जास्तीची आहे का हो? तेव्हा कुणाला पसारा आठवत नाही. आणि एक सांगते, गोधडीच्या आत काय घातलंय, हे आजवर मला कोणीही विचारलं नाही. वरचं लुगडं बघतात, रंग छान जमलाय म्हणतात. आत काय, ते शिवणारीलाच माहीत.

ह्या गोधडीच्या आत हेमूचा सदरा आहे. शाळेचा पांढरा सदरा आणि खाकी अर्धी चड्डी. उसवलेले नाहीत, फाडलेले नाहीत, अख्खे.

धुळ्याला होतो तेव्हा आम्ही, देवपुरात. हेमू छायाच्या पाठचा. पहिलीत घातला होता. सदरा मुद्दाम मोठा घेतला, वाढतं अंग आहे म्हणून, पुढच्या वर्षीही येईल म्हणून. बाह्या कोपराच्या खाली यायच्या आणि तो त्या वर सारत सारत शाळेत जायचा, म्हणायचा, आई, ह्या सदऱ्यात अजून एक जण मावेल. ह्या वाक्याला मी तेव्हा हसले होते. पोळ्याच्या आधी त्याला ताप आला. साधा ताप, आज येतो उद्या जातो असा. मग तो डोक्यात गेला. मला ते दिवस सांगता येत नाहीत, म्हणजे आठवत नाहीत असं नाही, चांगले आठवतात, पण सांगायला लागले की मधेच भलतंच काहीतरी पुढे येतं. दवाखान्याच्या जिन्यावर एक बाई शेंगदाणे फोडत बसली होती, ते. ह्यांच्या पायांत वेगवेगळ्या चपला होत्या, ते. माणसं त्याला घेऊन गेली आणि मोकळ्या हातांनी परत आली, आणि मला वाटलं, अरे, ह्यांच्यातल्या एकाच्या तरी कडेवर असायला हवा होता.

अक्का गावाहून आल्या त्या त्याच दिवशी. डोळ्याला पदर लावला नाही बाईनं. मी बघत होते ना. आल्या, पाणी प्यायल्या, कंबर खोचली आणि हेमूचं एकेक काढायला लागल्या. कोनाड्यातलं, दोरीवरचं, ट्रंकेच्या तळाचं. बाळंतविड्याचं झबलंसुद्धा सोडलं नाही. कपडे, पाटी, कानटोपी. मी आडवी झाले तर म्हणाल्या, "घरमा ठेवाना नहीत. जीव घुटमयस." हातानं मला बाजूला सारलं. नणंदेनं माझे खांदे धरले. सगळं एका जुन्या लुगड्यात बांधलं, गाठ मारली आणि ह्यांना म्हणाल्या, चाल. मायलेक ते बोचकं घेऊन पांझरेवर गेले. नदीला पाणी होतं तेव्हा, तांबडं. आल्यावर अंघोळ केली अक्कांनी आणि भाकरी थापायला बसल्या. थाप थाप थाप थाप. तो आवाज मला अजून चीड आणतो. दोन दिवसांनी तर म्हणाल्या, "तू तरनी शे आजून, व्हई दुसरं." मी तशी तोंडाळ आहे, कुणाचं ऐकून घेणारी नाही, पण त्या वेळी जीभ उचलली नाही. दुसरं काही झालं नाही. मी होऊ दिलं नाही म्हणा, झालं नाही म्हणा, एकच.

आणि मग सगळे आपापल्या घरी गेले, हे कामावर रुजू झाले, छायाला शेजारच्या मुलींबरोबर शाळेत पाठवायला लागले, तेव्हा एका सकाळी कोपऱ्यावरच्या वना इस्त्रीवाल्याची बायको दारात. तिच्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेली घडी. तिला कळलेलं सगळं, खाली मान घालून उभी होती. म्हणाली, बाई, हे आमच्याकडेच राहिलं, आणू की नको तेच कळत नव्हतं. शाळेचा सदरा आणि चड्डी. ताप आला त्याच्या आदल्या दिवशी मी इस्त्रीला टाकली होती. मी ती घडी छातीशी धरली तर त्याचा वाससुद्धा नव्हता हो त्याला. खळ आणि कोळशाचा वास. धुतलेला, कडक, घडीवर घडी. घरात त्याचं एवढंच उरलं आणि तेही असं, जसं कोणी घातलंच नव्हतं. तरीपण मी ते गोधडीच्या चिंध्यांच्या बोचक्यात तळाशी घातलं. त्या बोचक्याला घरात कोणी हात लावत नाही, दोरे आणि धूळ म्हणून.

वर्षभरात ह्यांची बदली जळगावला झाली. बदली ह्यांनीच मागून घेतली होती असं मला पुढे कळलं. हे काही बोलत नाहीत. हेमूचं नाव त्यांनी तेव्हापासून आजपर्यंत उच्चारलेलं नाही, ज्या गावात त्याचं नाव घेणारी माणसं होती ते गावच सोडलं. जळगावला कोणी विचारलं तर एक मुलगी म्हणतात. खरं आहे, एकच आहे. मी त्यांच्या तोंडाकडे बघते तेव्हा ते दुसरीकडे बघतात. इथं आल्यावर पहिल्याच थंडीत मी नवी गोधडी घातली. खाली माझं लग्नातलं हिरवं लुगडं, मग दोन चादरी, आणि दुपारी दार लावून घेऊन मधोमध तो सदरा अंथरला. रीत अशी की आत घालायचे कपडे आधी उसवायचे, बाह्या, कॉलर, बटणं काढून सपाट करायचे, नाहीतर गोधडीला गाठी येतात. मी कात्री घेतली आणि ठेवली. माझ्या हातून काही ते झालं नाही. तसाच ठेवला, बाह्या दोन्ही बाजूंना पसरून, खाली चड्डी. बटणं तेवढी दातांनी तोडली. तो रात्री असाच निजायचा, हातपाय फेकून, छायाला भिंतीला चिकटवून. मग त्यावर आईचं जुनं इरकल घातलं आणि धावदोरा सुरू केला. इतर गोधड्यांना दोन ओळींत बोटभर अंतर सोडते. हिला सोडलं नाही. तिळाएवढा टाका आणि ओळीला ओळ चिकटून. मधोमध आले तेव्हा तर सुई आत जाईना, अंगुस्तानाला भोक पडलं. कोणी म्हणजे कोणी हे पुन्हा काढू शकणार नाही, असं मनात म्हणत टोचत होते. हे विचारायचे, किती दिवस चाललंय हे एकच? मी म्हणायचे, निगुतीनं करतेय, तुम्हाला काय कळतंय त्यातलं.

ती गोधडी मग घरात वावरू लागली. मी तिला जपून ट्रंकेत ठेवली नाही. ट्रंकेत काय, अंधारात काय करायचं त्यानं? छायाच्या अंगावर घातली. तिच्या शेजारी त्यानं निजायचं, हे मी कुणाला न सांगता ठरवलं होतं. छाया म्हणायची, आई, ही मधे केवढी जाड झालीय, पण ऊब कसली आहे! तापात तिच्या अंगावर हीच. परीक्षेच्या पहाटे खांद्यावरून हीच घेऊन बसायची. ह्यांचा पाय मोडला तेव्हा पायाखाली गुंडाळून दिली होती आणि मी आतून बघत होते, बापाच्या पायाखाली लेकरू. हसू आलं आणि मग मोरीत जाऊन तोंड धुतलं. उन्हात घालताना वाळूदेखील लागू देत नाही मी तिला. लिलाबाईंनी एकदा म्हटलं, तुमच्या हातच्या इतक्या गोधड्या बघितल्या, पण हिच्यावर तुमचा भारी जीव. मी म्हटलं, आईचं इरकल आहे ना. वेड्यासारखं आहे, कळतं मला. मी काही अडाणी नाही, मॅट्रिक झालेय. सदरा म्हणजे पोर नव्हे, एवढं समजतं. पण घरातली सगळी माणसं निजली आणि ही पसरलेली दिसली की मला मोजल्यासारखं वाटायचं की सगळे आहेत.

आणि आता ही अक्कांच्या अंगावर. ज्या बाईनं वेचून वेचून सगळं नेलं, तिच्याच अंगावर, आणि तीच हे उरलेलंही घेऊन निघालेली. लिलाबाई गेल्यावर मी सोलापुरी चादर घेतली, कोरी, घडी न मोडलेली, म्हटलं जाऊ दे ही, हिचं काय एवढं. हळूच अक्कांच्या पायाकडून गोधडी ओढली. अक्कांना एरवी हाक मारली तरी कळत नव्हतं, पण गोधडी गुडघ्यावरून सरकली मात्र, दोन्ही हातांनी घट्ट धरली त्यांनी. एवढीशी झालेली बाई, कुठून एवढी ताकद आली देव जाणे. "काढू नको व माय," रडक्या आवाजात म्हणाल्या, "हीव वाजस माले." मी म्हटलं, अक्का, ही चादर जास्त गरम आहे, बघा तरी. "हीव वाजस, हीव वाजस," एकच. हे आतल्या खोलीत दाढी करत होते, तोंडाला साबण तसाच घेऊन आले. "काय चाललंय?"

"ही गोधडी मळलीय," मी म्हटलं. "बदलते."

"मरणाऱ्या माणसाच्या अंगावरून पांघरूण ओढतेस?" एवढं मोठ्यानं हे कधी बोलत नाहीत. "तिला ती आवडली आहे तर राहू दे ना! आणखी शिव तू, तुला काय कमी आहे का चिंध्यांची?"

त्या क्षणी सांगून टाकायचं होतं. सांगायचं, अहो, आत तुमचा मुलगा आहे. पण मग? मग हे पांढरे पडले असते, नणंदेला कळलं असतं, नणंदेकडून गावाला. गेलेल्या पोराचे कपडे इतकी वर्षं घरात, आणि ते पांघरून सगळे झोपले! म्हणूनच पाय मोडला, म्हणूनच पाळणा हलला नाही, म्हणूनच अक्का अंथरुणाला खिळल्या. सगळ्या गोष्टींचा अर्थ लागला असता लोकांना. आणि गोधडी? ती तर त्याच दिवशी नदीवर. मी चादर घडी केली आणि म्हटलं, बरं, राहू दे. हे साबण पुसत पुन्हा आत गेले. मला त्यांचा राग आला नाही. त्यांची आई आहे ती.

दुसऱ्या दिवशी हे ड्यूटीवर गेले, छाया शाळेत. मी खाटेशेजारी पाट घेऊन बसले, सुई आणि छोटी कात्री घेऊन. म्हटलं, गोधडी जाते तर जाऊ दे, सदरा काढून घेते. वरून इरकल उसवायचं, सदऱ्याचे टाके कापायचे, अलगद ओढून घ्यायचा, वर पुन्हा टाके. कोणाला काही कळायचं नाही. कोणी दारात आलंच तर सुई हातात आहे, फाटलं होतं, शिवतेय. अक्कांचा श्वास गोधडीखाली खालीवर होत होता. बरोबर पोटावर ती जाड जागा आली होती आणि मी तिथं कात्रीचं टोक घातलं. एक टाका कापला. दुसरा. दोरा ओढून काढला, बोटभर. कापता कापता मान दुखायला लागली, डोळ्यापुढे टाके नाचायला लागले, आणि वरचं इरकल हातरुमालाएवढं काय ते उचकटलं. खाली पांढरं दिसलं. पिवळट पडलेलं, पण पांढरंच. सदऱ्याची कड चिमटीत धरून ओढली तर टर्र झालं. फाटला. एवढासा. मी ओढायची थांबले. माझेच टाके होते ना, तिळाएवढे, वरून खालपर्यंत सगळ्या थरांतून गेलेले. सदरा सदरा राहिलाच नव्हता. तो खालच्या चादरीशी, हिरव्या लुगड्याशी, सगळ्यांशी शिवला गेला होता, आणि ओढला तर नुसत्या धांदोट्या हातात आल्या असत्या. कोणी काढू शकणार नाही असा शिवला होता, तो मलाही निघेना. मी कात्री मांडीवर टाकली आणि त्या उसवलेल्या जागेवर डोकं टेकवून रडले. अक्कांच्या पोटावर. आवाज न करता रडायची सवय आहे मला, पण ह्या वेळी जरा झालाच असावा.

"काय करी ऱ्हायनी व?"

मी दचकून मान वर केली. अक्का बघत होत्या. कितीतरी दिवसांनी डोळे असे स्वच्छ उघडे.

"उसवलंय जरा, अक्का. टाके घालतेय."

"घाली ऱ्हायनी का काढी ऱ्हायनी?" म्हातारीची जीभ अजून तशीच. मग त्यांनी हनुवटी छातीला टेकवून खाली पाहिलं, आणि हात त्या उघड्या जागेवर आणला. मी तो अडवायला हवा होता. बोटं पांढऱ्या कापडावरून फिरली, दोऱ्यांवरून, आणि जिथं बाहीची शिवण होती तिथं थांबली. आता ही ओरडणार, ह्यांना बोलवा म्हणणार, शेवटच्या घटकेला मला शिव्या घालणार, हे सगळं मला ऐकू यायलासुद्धा लागलं होतं.

"हाऊ हेमूना शायाना सदरा शे," अक्का म्हणाल्या.

"हो."

"तुनाजोडे व्हता?"

"इस्त्रीला दिलेला होता. नंतर आणून दिला त्यांनी. तुम्ही गेल्यावर."

त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि कानाकडे ओघळलं. मी ह्या बाईच्या डोळ्यांत कधी पाणी बघितलं नव्हतं. नवरा मेला तेव्हा नाही, नातू गेला तेव्हा नाही. "बठ्ठं घर धुंडं मी तव्हय," त्या म्हणाल्या. "एकेक करी बठ्ठा कपडा दिन्हात त्याले. पांझरामा सोडात. शायाना सदरा तेवढा सापडना नही. घर जाईसन बी तेच मनमा ये मना, सोमवारले शायामा काय घाली जाई तो?"

मला आधी कळलंच नाही. म्हणजे शब्द कळले. मग एकेक डोळ्यापुढे आलं. ते कोनाडे धुंडाळणं, ट्रंक उपसणं, झबल्यापासून कानटोपीपर्यंत सगळं वेचणं. मी इतकी वर्षं समजत होते की ह्यांनी माझ्या पोराला घराबाहेर काढलं, पुसून टाकलं. आणि ही बाई त्याचं सामान बांधत होती. गावाला निघालेल्या पोराचं बांधतात तसं, काही राहायला नको म्हणून. एक राहिलं, त्याचा घोर घेऊन ती त्या खेड्यात एकटी बसली होती, आणि मी इथं ते राहिलेलं छातीशी धरून. दोघी एका पोरासाठी. आणि एकमेकींना एक शब्द नाही.

"आते ऱ्हाऊ दे मना अंगवर," अक्का म्हणाल्या. "काढू नको. मी लई जासू. तठे एकलाच शे तो."

नाही म्हणायचं होतं मला. तोंडावर आलं होतं. माझ्याकडे दुसरं काही नाही हो, असं म्हणायचं होतं. तिथे वगैरे काही नसतं, अक्का, नदीत सोडलेले कपडे पुढे कुठेतरी काट्यांना अडकून कुजले असतील, हेही म्हणायचं होतं. पण ती एवढ्या खात्रीनं म्हणाली, एकलाच शे. आणि मला पहिल्यांदाच वाटलं, खरंच की. मी त्याला इथं ठेवला असं मी म्हणतेय. छायाशेजारी निजवला म्हणतेय. छाया तर मोठी झाली, उद्या लग्न होऊन जाईल. तो पहिलीतच आहे अजून. आणि मी त्याच्याजवळ कधी होते? मी भांडी घासत होते, नळावर होते, दुसऱ्या कुणाची गोधडी शिवत होते. तो कुठेतरी आहे, आणि तिथं त्याच्या ओळखीचं एकही माणूस नाही, आणि आता एक जण निघालंय. रिकाम्या हातानं कसं पाठवू?

मी सुईत दोरा ओवला. डोळ्यांना दिसेना, तीनदा चुकला. इरकल त्या पांढऱ्यावर ओढून बसवलं आणि टाके घालायला लागले. सदऱ्याला जिथं टर्र झालं होतं तिथं आधी दोन टाके घातले, मग वरून. अक्का बोटांनी कापडाची कड धरून राहिल्या होत्या, माझ्यासाठी, समोरच्या टोकाला बसलेल्या बाईनं धरावी तशी. हातात जीव नव्हता त्यांच्या, तरी धरली होती. बाहेर नळावर बायका भांडत होत्या, कोणीतरी माझ्या नावानं हाक मारली, पाणी आलं म्हणून. मी उठले नाही.

"ईचारी तो," अक्का म्हणाल्या. "माय कोठे शे मनी, ईचारी. मी काय सांगू त्याले?"

सुई तशीच कापडात राहिली माझी. काय सांगायचं? सहा वर्षांच्या मुलाला काय सांगतात?

"म्हणावं, येते," मी म्हटलं. "हातातलं काम उरकलं की लगेच येते म्हणावं. तू तोवर आजीजवळ नीज."

अक्का माझ्याकडे बघून जराशा हसल्या. "तुनं काम कधी उरकस व माय?"

"नाही उरकत," मी म्हटलं. "पण त्याला तसं सांगू नका."